कोणती सुनीता?

"कोणी उघडलं ते शोधून द्या. मला माणसाचं नाव पाहिजे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तपासणीच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

मी खांद्यावरची बॅगही अजून खाली ठेवली नव्हती. सकाळी हिंगोलीला दुकानात त्यांचा फोन आला, मिळेल त्या एस.टी.ने मी औंढा नागनाथला आले आणि थेट त्यांच्या दवाखान्यात शिरले. खोलीत आम्ही दोघीच नव्हतो. भिंतीला टेकून एक तरुण उभा होता. पंचविशी-तिशीचा, पायात धुळीने भरलेल्या चपला. त्याचं नाव विजय राठोड. जवळच्या एका तांड्यावरचा. घरची थोडी शेती होती.

"ह्यांना सांग," मॅडम त्याला म्हणाल्या. "कॉम्प्युटरवाल्या मॅडम आहेत."

तो माझ्याकडे न बघता बोलला. "आमी दोघं घरी नागनाथाचं दर्शन सांगून इथं येत होतो. लगीन होऊन बरीच वर्सं झाली, लेकरू न्हाई. आईला दवाखान्याचं ठाऊक न्हवतं. आता सगळ्या तांड्याला ठाऊक झालं. सुनीताला बाया तोंडावर इचारू लागल्या. ती आता इकडं येत न्हाई म्हणते. अन् घरात माज्या दुसऱ्या लग्नाची बात निघाली."

मग त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "माजा रिपोर्टबी कॉम्प्युटरात हाय का?"

"आहे," मॅडम म्हणाल्या.

"तोबी फुटला का?"

मॅडमनी मला काउंटरकडे जायची खूण केली.

हे सन दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. हिंगोलीच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी नोकरीला होते. दुकान पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं दवाखान्याचं सॉफ्टवेअर विकायचं. माझं काम सपोर्टचं. सपोर्ट म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा नाही. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम ज्यांच्या गळ्यात पडलाय, त्यांची समजूत काढायची. मॅडमचा बाळंतपणाचा आणि बायकांच्या आजारांचा दवाखाना होता. एक कॉम्प्युटर काउंटरवर, एक मॅडमच्या आतल्या खोलीत. त्यात पेशंटचं नाव, वय, गाव, तक्रार, तपासण्यांचे रिपोर्ट.

मी आधी लॉग उघडला. कोण आत शिरलं, कधी शिरलं, काय उघडलं, याची कॉम्प्युटर आपली आपण नोंद ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. लॉगमध्ये वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं: ॲडमिन. मॅडमही ॲडमिन, काउंटरवरच्या पद्मिनबाईही ॲडमिन आणि कंपाउंडर गजाननही ॲडमिन. सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, आणि तो मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीवर लिहून लावलेला.

"गजाननच असणार," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्याचं गाव त्याच रस्त्यावर आहे. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगते."

"मॅडम, लॉगवरून त्याचं नाव निघत नाही."

"मग कोणाचं निघतं?"

"त्याचं जितकं निघतं तितकंच तुमचंही निघतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता मलाही येऊ नको म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "बरं. काय करायचं ते करा. पण ती मुलगी परत आली पाहिजे. उपचार अर्ध्यात सुटलेत."

त्या वेळी मला सुरक्षेसाठी जे शिकवलं होतं ते मी केलं. प्रत्येकाला वेगळं नाव, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. गजाननचा चटकन झाला. पद्मिनबाईंना वेळ लागला.

पद्मिनबाई मूळच्या हट्टा गावच्या. शेतकरी घरातल्या, दहावी झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा गेल्यावर औंढ्याला भावाकडे आल्या आणि दवाखान्यात लागल्या. उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायच्या आणि प्रत्येक अक्षर सापडलं की मान डोलवायच्या. भेदरलेली पहिलटकरीण आली की तिला आधी पाणी द्यायच्या, मग नाव विचारायच्या. त्यांच्यामुळे अर्धे पेशंट येतात असं मॅडम स्वतःच म्हणायच्या.

"म्या अक्षर दाबून राहिले अन् हे काहून टिपके येऊन राहिले?" त्यांनी विचारलं.

"पासवर्ड दिसू नये म्हणून टिपके येतात."

"मलाबी दिसू नये? मग बराबर लिवलं का न्हाई ते मला कसं कळंल?"

प्रश्न बरोबर होता. "हळू लिहा," एवढंच मी म्हणाले आणि तोंड फिरवून उभी राहिले.

पासवर्ड झाले. चिकटपट्टी खरवडून काढली. तरी गोष्ट बाहेर कशी गेली हे कळलंच नव्हतं. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून मी बाहेर बाकावर बायकांच्या रांगेत जाऊन बसले. साधा सलवार-कमीज, मांडीवर बॅग. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही.

काउंटरवर एक बाई आली. नाव सांगितलं, सुनीता राठोड. तांडाही तोच. पण विजयची बायको तर आता येत नव्हती. म्हणजे ही दुसरी. पद्मिनबाईंनी एका बोटाने नाव लिहिलं, स्क्रीनकडे बघितलं, वाकून पुन्हा बघितलं. आणि नेहमीच्या प्रेमळ, खणखणीत आवाजात विचारलं, "बाई, तुमी कोणती सुनीता? अंगावरून पांढरं जातं ती का पाळी लांबली ती?"

बाकावरच्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. त्या बाईने पदर तोंडाला लावला आणि कसंबसं उत्तर दिलं. पद्मिनबाईंनी मान डोलावली, चिठ्ठी दिली. कोणाचं काही वाईट करायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

मी उठून काउंटरच्या आत गेले आणि स्क्रीन बघितली. सुनीता राठोड नावाच्या बायकांची यादी समोर होती. तांड्यावर बहुतेकांचं आडनाव एक. सुनीता हे नाव त्या पिढीत घरोघरी. नवऱ्यांची नावंही विजय, संतोष, विजय. गाव एकच. वय सगळ्यांनी अंदाजे सांगितलेलं. यादीत एका बाईला दुसरीपासून वेगळं करणारा एकच रकाना उरत होता, तो तक्रारीचा. योग्य कागद योग्य बाईला द्यायचा तर पद्मिनबाईंना तोच वाचून विचारावा लागत होता. विजयच्या सुनीतालाही त्यांनी असंच विचारलं असणार, आणि त्या दिवशी बाकावर तांड्यावरचं कोणीतरी बसलेलं असणार. कॉम्प्युटर कोणी चोरून उघडलाच नव्हता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी पद्मिनबाईंना मागच्या ओट्यावर घेऊन गेले. चहा होता. मी जे बघितलं ते सरळ सांगितलं, मॅडमना गजाननचा संशय होता तेही.

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. "म्हंजे गजानन न्हाई," त्या म्हणाल्या. "मीच."

"तुम्ही नाही. ती यादीच तशी आहे."

"यादीला तोंड हाय का, बाई? तोंड माजं हाय."

मॅडमना सांगायला आम्ही दोघी मिळून गेलो. मॅडम ऐकता ऐकता लाल झाल्या. "इतकी वर्षं काउंटरवर बसता, पद्मिनबाई. बाकावर माणसं असतात हे कळत नाही?"

मी मध्ये पडले. "मॅडम, ह्यांना काढून तुम्ही दुसरी बाई ठेवाल. तिच्यासमोर हीच यादी येईल, आणि पहिल्याच दिवशी तीही हेच विचारेल. फक्त ती पेशंटला पाणी देणार नाही."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग पद्मिनबाईंकडे. "मग यादी बदला," त्या म्हणाल्या.

यादी बदलायची म्हणजे पुण्याला विचारणं आलं. मी तिथूनच कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

"तक्रारीचा रकाना यादीतून काढायचाय, सर."

"काढता येणार नाही. बाकीचे क्लायंट मागतात तो. शहरात काही प्रॉब्लेम येत नाही."

"शहरात एका दवाखान्यात इतक्या सुनीता राठोड येतात का?"

"कार्ड नंबर द्या ना पेशंटला. नंबरने शोधायचं."

नंबर आम्ही देऊन बघितला. पुठ्ठ्याची छान कार्डं केली. पुढच्या खेपेला बायका कार्ड घरी विसरून आल्या. काहींनी मुद्दामच आणलं नव्हतं, कारण कार्ड घरात सापडलं की सासू विचारणार, हे कशाचं. ज्या गोष्टी लपवायच्या त्यांची खूण जवळ बाळगायची, हे जमणारं नव्हतं.

मी पुन्हा औंढ्याला गेले. दवाखाना बंद व्हायच्या वेळी आम्ही तिघी काउंटरपाशी बसलो. बाईला स्वतःला पक्कं ठाऊक असेल, पाठ करावं लागणार नाही, आणि चारचौघांत मोठ्याने सांगायला लाज वाटणार नाही, असं काय असतं? मॅडम म्हणाल्या, जन्मतारीख. ती कोणाला ठाऊक नव्हती. मी म्हणाले, वडिलांचं नाव. तेही विजय-संतोषसारखंच फिरून फिरून तेच येत होतं. मग पद्मिनबाई म्हणाल्या, "म्या आपली दरेकीला इचारत असते, माहेर कोणतं म्हून." आणि मॅडमनी टेबलावर हात आपटला.

एकाच तांड्यात दिलेल्या सुना निरनिराळ्या गावांहून आलेल्या असतात. सॉफ्टवेअरमध्ये 'रिमार्क दोन' नावाची एक रिकामी जागा होती. तिथे आम्ही माहेर लिहायचं ठरवलं. लग्न न झालेल्या पोरींचं आजोळ. मी पुन्हा फोन लावला. या वेळी साहेब कुरकुरत म्हणाले, रकाना काढायची परवानगी नाही, पण कुठला रकाना कुठे दिसावा ते सेटिंगमधून फिरवता येतं. मी तक्रार फिरवून मॅडमच्या आतल्या कॉम्प्युटरवर नेली. काउंटरवर फक्त नाव आणि माहेर. मॉनिटरही बाकावरून दिसणार नाही असा वळवला.

फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. "माहेर कोणतं?" असं विचारलं की बायका खुलायच्या. गावाचं नाव सांगायच्या, वर तिथला बाजार कधी भरतो तेही सांगायच्या. बाकावरची एखादी म्हणायची, माझी मावशी तिथंच दिली. काउंटरपुढची रांग थोडी हळू झाली. मॅडमनी तक्रार केली नाही.

सुनीता मात्र आली नव्हती. पद्मिनबाई म्हणाल्या, "निरोप धाडून भागायचं न्हाई. मी जाते." पण तांड्यावर दवाखान्याची बाई दिसली की पुन्हा चर्चा होणार. म्हणून विजयला विचारून आम्ही दोघी त्याच्या शेतात गेलो. कापूस वेचणी चालू होती. सुनीता कमरेला ओटी बांधून वेचत होती. पद्मिनबाई तिच्या शेजारच्या ओळीला लागल्या आणि न बोलता कापूस वेचू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लेकी, तुजी बात माज्या तोंडून गेली. मला कळलं न्हाई. आता तसं व्हणार न्हाई."

सुनीता वेचत राहिली. "आता येऊन काय करू? त्यांची सोयरीक बघून राहिले."

तेव्हा विजय बांधावरून उठून आला. तो बायकोशी बोलला, पण आम्हाला ऐकू येईल असं. "काल आईला सांगितलं म्या. खोट माज्यात हाय. तुज्यात न्हाई. रिपोर्ट तसाच हाय. आता सोयरीक बघायची असली तर तुज्यासाठी बघावी लागंल."

सुनीताचे हात थांबले. "काहून सांगितलं? तुमचं तर कोणाला ठाऊक न्हवतं."

"म्हनूनच सांगता आलं," तो म्हणाला. "दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मला घरातून निघून जावं लागलं असतं."

पद्मिनबाईंनी वेचलेला कापूस तिच्या ओटीत टाकला आणि डोळे पुसले. मी बॅगेत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

पुढच्या सोमवारी दोघं आले. बरोबर विजयची आई होती. ती बाकाच्या टोकाला बसली, बाकीच्या बायकांकडे रागाने बघत, जणू कोणी सुनेला काही विचारलं तर बघून घेईन. मॅडमनी विजयला पुढच्या उपचारासाठी नांदेडच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. गजाननला कधी कळलंही नाही की त्याची नोकरी जाता जाता राहिली.

पुढे मी बरीच वर्षं याच धंद्यात होते. पासवर्ड, लॉग, व्हायरस, सगळं केलं. सगळं लागतंच. पण कुठलंही सॉफ्टवेअर लावलं की मी आधी समोरच्या बाकावर बसून यायचे आणि तिथून काय दिसतं, काय ऐकू येतं ते बघायचे. बाहेर गेलेल्या बऱ्याचशा गोष्टी कुलूप तोडून गेलेल्या नसतात. कामसू, भल्या माणसाला यंत्राने त्या मोठ्याने वाचायला लावलेल्या असतात.

हे लिहायच्या आधी मी त्या नवरा-बायकोला विचारलं. नावं बदल आणि लिही म्हणाले, म्हणून नावं बदलली आहेत. त्यांना पुढे मूल झालं की नाही, असं पुष्कळ जण विचारतात. मला ठाऊक आहे. पण ते सांगायचं की नाही हे मी त्यांना विचारलेलं नाही.