अमिनाच्या फोटोखाली

"तोंड उघडायचं नाही. नुसतं फेटत राहायचं. तू काळीच आहेस, कुणाला कळणार नाही."

हे मला काका म्हणाले. काका म्हणजे न्यू जर्सीतल्या क्रीमच्या कारखान्याचे मालक. माझे सख्खे सोडाच, लांबचेही कुणी नव्हेत. पण अमेरिकेत मराठी माणूस वयाने जरा मोठा दिसला की आपल्या तोंडून 'काका' निघतंच. त्यांच्या हातची थप्पड खाल्ल्यावरसुद्धा माझ्या मनात आलं, 'काकांनी मारलं.' संस्कार, दुसरं काय!

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी नागपूरची, केमिस्ट्रीत एम.एस्सी., त्यांच्या लॅबमध्ये नोकरीला. माझं ग्रीन कार्ड त्यांचीच कंपनी करत होती. म्हणजे मान त्यांच्या मुठीत. मुलाखतीत त्यांनी केमिस्ट्रीतलं काही विचारलं नव्हतं. "नागपूरला कुठं?" एवढंच. मी वस्तीचं नाव सांगितलं. "अच्छा, अच्छा." जात विचारायची ही आपल्याकडची सभ्य रीत. त्या दिवसापासून माझ्याहून लहान असलेला पुण्याचा केमिस्ट 'अहो', आणि मी 'ए'.

आमचं क्रीम शिया बटरचं, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांच्या लोण्याचं. हा प्रसंग घडला त्याच्या आदल्या वर्षी ते बटर पाठवणारी अमिना आली होती. घानाच्या उत्तरेकडच्या एका गावात बायकांची सोसायटी होती, तिची ती प्रमुख. शियाच्या बिया भाजायच्या, दळायच्या, त्या काळ्या लगद्यात पाणी घालून हाताने फेटत बसायचं, लोणी पांढरं होऊन वर येईपर्यंत. तिने मला शिकवलं. माझा हात थांबला की मनगटावर चापट. मी निम्मा लगदा लॅबच्या भिंतींवर उडवला. ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, असली बायको माहेरी परत करायची असेल तर आताच करावी." आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो.

ती गेली आणि काकांनी तिच्या सोसायटीकडून बटर घेणं बंद केलं. दलालाचे ड्रम यायला लागले. मोठ्या कारखान्यात रसायनाने काढलेलं, बिनवासाचं, स्वस्त बटर. मी तपासलं, मला ठाऊक होतं. डब्यावर मात्र अमिनाचा चेहरा तसाच, आणि खाली 'गावातल्या बायकांच्या हातचं'. मी काकांना विचारलं. म्हणाले, "तू तुझी लॅब बघ."

मग एडिसनला एका हॉटेलात दुकानदारांचं प्रदर्शन भरलं. स्टॉलवर बटर फेटून दाखवायला अमिना हवी होती. तिला कोण बोलावणार? मला छापील कापड गुंडाळलं, डोक्याला फडकं बांधलं आणि अमिनाच्या माणसाएवढ्या फोटोखाली जमिनीवर बसवलं. पुढ्यात घमेलं, त्यात अमिनाच्या वेळच्या उरलेल्या बियांचा लगदा. "तुमच्या लोकांना खाली बसायची सवय असतेच," काका म्हणाले. हसून म्हणाले.

मी बसले. घरी दोन लहान पोरं होती, ग्रीन कार्ड व्हायचं होतं. कोपरापर्यंत हात घातले आणि फेटत राहिले. लोक फोटो काढून गेले. काका सगळ्यांना सांगत होते, "शी डझन्ट स्पीक इंग्लिश."

न्यूअर्कची एक दुकानदारीण आली. काळी, माझ्या आईच्या वयाची. गुडघे दुखत असतानाही ती खाली बसली. माझे बरबटलेले हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतले. तिचे डोळे भरून आले होते. एकेक शब्द सावकाश उच्चारत ती म्हणाली, "बहिणी, तुझ्या गावाहून तू इतक्या लांब आलीस."

मला राहवलं नाही. मी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, मी इथंच आयसेलिनला राहते. साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर." मी स्टॉलवरच्या डब्यांकडे बोट केलं. "त्या डब्यांतलं बटर दलालाच्या ड्रममधलं आहे. फोटोतल्या बाईकडून यांनी वर्षभर काहीच घेतलेलं नाही."

काकांनी मला दंडाला धरून स्टॉलमागच्या पडद्याआड ओढलं. कानाखाली बसली. डोळ्यांपुढे पांढरं. मग फडक्यासकट केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. ओठ फुटला, तोंडात रक्त आलं.

"लायकी दाखवलीस! तुम्हाला माणसांत आणलं हेच चुकलं!"

तुम्हाला. तिथं मी एकटीच होते.

त्यांनी मनगट पिरगाळलं. पण हात बटरने माखलेले. मनगट साबणासारखं सुटलं. बाजूला लगदा ढवळायचा लाकडी डाव पडला होता. मी तो उचलून त्यांच्या कपाळावर घातला. ते खाली बसले. मी परत मारला. माझी मुलगी हे ऐकताना अजून विचारते, "आई, यू ॲक्चुअली हिट हिम?" हो गं बाई. पापड लाटताना हात दुखतो म्हणणाऱ्या तुझ्या आईनेच.

पोलीस आला. काकांच्या भुवईवर बर्फ, माझ्या हनुवटीवर रक्त, अंगावर ते सोंग. दुकानदारीण माझ्याशेजारी उभी. काका मराठीत, एकदम मऊ आवाजात म्हणाले, "अगं, घरातली गोष्ट आहे. सॉरी म्हण. मी केस करत नाही. ग्रीन कार्डही होईल."

घरातली! ज्या घरात मला कधी चहाला बोलावलं नाही त्या घरातली.

मी पोलिसाकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत सांगितलं, "यांनी मला मारलं. मग मी यांना मारलं. आणि यांचं बटर खोटं आहे. तिन्ही लिहा."

नोकरी गेली. ग्रीन कार्ड गेलं. केस झाली ती माझ्यावर, कारण टाके त्यांना पडले होते. कोर्टात माझ्या वकिलानेही कानात सांगितलं, माफी माग, मिटेल.

मी मागितली नाही. मागणारही नाही. कष्ट एकीचे आणि नफा भलत्याचा, अशा कुठल्याच डब्याला माझा हात लागणार नाही. आणि पुन्हा कुणी मला दुसरीचा चेहरा चढवून गप्प बसवायला आला, तर त्या वेळी मी पडद्याआड जाणार नाही. जे व्हायचं ते सगळ्यांदेखत होईल.