वीतभर लिस्बन

गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं, की अंकल उठून भिंतीवरच्या युरोपच्या नकाशाशी जायचे. रोमवर अंगठा ठेवायचे, हात ताणून करंगळी लिस्बनला टेकवायचे आणि म्हणायचे, "हे काय, वीतभर. एक जेवण, एक डुलकी, की पोचलात."

गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला जायचं असायचं झुरिकला. तरी वीत मात्र रोम-लिस्बनचीच.

नव्वदच्या दशकात दुबईच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी तिकिटं काढायचे. अंकल माझे सीनिअर, वसईचे, बिनलग्नाचे. अल कुसैसहून आम्ही एकाच गाडीतून ऑफिसला यायचो आणि वाटेत मला रोज लिस्बन ऐकावं लागायचं. कारण तिथल्या कॉन्व्हेंटात त्यांची मोठी बहीण नन होती. तिला ते बाय म्हणत. आई लवकर गेली, बायनंच त्यांना वाढवलं, आणि हे कमावते झाल्यावर मगच ती नन झाली. तिचा विषय निघाला की या बडबड्या माणसाचा आवाज मऊ व्हायचा.

बायला भेटायला ते अधूनमधून जायचे, पण स्टाफच्या स्टँडबाय तिकिटावर. म्हणजे शेवटी एखादी सीट रिकामी राहिली तर चढायचं, नाहीतर बसा पुढच्या विमानाची वाट बघत. आमच्या धंद्यात सगळेच असे फिरायचे आणि वर त्याची ऐट मिरवायचे. तिकीटवाल्यानं स्वतः पूर्ण भाडं भरायचं म्हणजे नाचक्कीच की हो! अंकल तर सांगत सुटायचे, "अख्ख्या नोकरीत आपण फुल फेअर भरला नाही, हबीबी."

एका वर्षी ईस्टरच्या आठवड्यात कॉन्व्हेंटातून फोन आला. बाय सीरियस आहे, तुमचं नाव घेते, लवकर या. मी म्हटलं, अंकल, सगळी विमानं भरलेली असणार, या खेपेला कन्फर्म तिकीट घ्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मला आजही त्या नजरेचा राग येतो.

"रोमपर्यंत सीट आहे. पुढे तर वीतभरच. मिळेल, इन्शाल्ला."

रोमपर्यंत गेले झोकात. पुढचं त्यांनी परत आल्यावर गाडीत सांगितलं, माझ्याकडे न बघता. उतरल्या उतरल्या त्यांनी कॉन्व्हेंटात फोन केला, बायला सांगा, रोमला पोचलोय, आलोच. पण लिस्बनचं एकेक विमान भरून जात होतं. गेटवरची मुलगी दर वेळी मान हलवून दार लावून घेत होती. रात्र बाकड्यावर काढून सकाळी त्यांनी मुकाट्यानं फुल फेअर भरला. विमानात जेवण आलं, ते झाकण न उघडताच परत दिलं. कॉन्व्हेंटात पोचले, तेव्हा बायला चॅपलमध्ये ठेवलं होतं.

"तिथली सिस्टर म्हणाली, पहाटेपर्यंत ती एकच विचारत होती. रोमहून यायला इतका वेळ लागतो का?"

मला रडू आवरेना. ते मात्र सिग्नलकडे बघत बसले होते.

त्यानंतर ते नकाशाशी कधी गेले नाहीत. आजारी माणसाला भेटायला निघालेलं कुणी आलं, की एवढंच म्हणायचे, कन्फर्मच घ्या. चेष्टा नाही, डुलकी नाही. मला ते जुने बडबडे अंकलच हवे होते, पण ते काही परत आले नाहीत.

रिटायर होऊन कायमचे वसईला निघाले, तेव्हा मी एअरपोर्टवर सोडायला गेले होते. त्यांच्या हातात फुल फेअरचं कन्फर्म तिकीट, आणि काउंटर उघडायला अजून खूप वेळ. मी सवयीनं चिडवलं, "इतकी घाई कसली अंकल, तिकडे कोण वाट बघतंय?"

बोलले आणि जीभ चावली.

"कुणी नाही गं, पोरी," ते म्हणाले, आणि बंद काउंटरसमोर जाऊन पहिल्या नंबरला उभे राहिले.