नाझनीनचं गाणं का बदललं: नांदेड, लोहा, लातूर

नांदेडचं तिकीट काढलं तेव्हा मी फार खुशीत होतो. पैज जिंकलेल्या माणसाची खुशी होती ती. नाझनीन परत आली होती, आणि तिला परत आणण्यात आपलाही थोडा हात आहे, असं मला मनातून वाटत होतं.

ज्यांनी तिला ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाझनीन नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याची. मराठीत दखनी उर्दू मिसळून गायची, तेही मोकळ्या, चढ्या आवाजात. तिच्या मागे तिचे वडील रशीद मास्तर क्लॅरनेट वाजवायचे. मास्तरांचा लग्नाचा बँड होता. पहिल्या चार-पाच गाण्यांनी मराठवाडाच काय, पुण्यातली आमची सोसायटीसुद्धा नाचवली होती. मग अचानक तिनं सगळं बदललं. नवा अल्बम आला, त्यात क्लॅरनेट नाही, ढोल नाही. संगणकावरचे ठोके आणि कुजबुजल्यासारखा खालचा आवाज.

मी विमा कंपनीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात ह्या ब्लॉगवर प्रवास आणि गाणी यांवर लिहितो. तेव्हा मी एक लेख लिहिला. 'नाझनीनला बापाच्या बँडची लाज वाटू लागली आहे' हे त्यातलं वाक्य. माझ्या कुठल्याच लेखाला आले नसतील इतके वाचक त्याला आले. गावोगावच्या ग्रुपवर तो फिरला. दोन वर्षांनी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, तिनं माहेरावरचं एक गाणं काढलं आणि त्यात पुन्हा क्लॅरनेट! मी लगेच लिहिलं, 'मास्तरांची फुंकर शंभरात ओळखू येते. लेक घरी आली.'

आता तिच्याच मुलखात जाऊन लोकांची मतं गोळा करायची आणि तिसरा लेख लिहायचा, असा बेत होता.

पुण्याहून संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी नांदेड. थंडीत जात असाल तर शाल घ्याच, पहाटे चांगलंच गारठतं. स्टेशनवर माझा हॉस्टेलचा मित्र शिवाजी मोटरसायकल घेऊन आला होता. त्यानं आधी खिचडी-खट्टा खायला नेलं. मसुराची पिवळी खिचडी आणि चिंच-तिळाचा आंबट पातळ खट्टा. नांदेडात सकाळी हे खाल्लं नाही तर आलात कशाला? मग गुरुद्वारा. डोक्याला रुमाल बांधून आत गेलं की बाहेरच्या रहदारीचा विसर पडतो. लंगरमध्ये पंगतीला बसलो, डाळ-रोटी खाल्ली, ताटं धुवायला थोडा हात लावला.

"तुझं काय मत?" मी शिवाजीला तिथून बाहेर पडताना विचारलं.

"कशाबद्दल? डाळीबद्दल?"

"नाझनीनबद्दल रे."

"गाणं चांगलंच हाय तिचं. पण नवं वरातीत लावता येत न्हाई. आमच्या पोराच्या लग्नात लावून पाहिलं, लोक खालीच बसले."

हे मी आनंदानं वहीत उतरवलं.

दुपारी अर्धापूरला गेलो. नांदेडपासून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आणि शेवटी दोन्ही बाजूंना केळीच केळी. शिवाजीच्या मेहुण्याच्या बागेत घड उतरवणं चालू होतं. मेहुणे म्हणाले, "जुनं गाणं लागलं की माझ्या लेकीचं लग्न डोळ्यापुढं येतंय. नव्यात काही येत न्हाई बघा." तेही वहीत गेलं. तिथं केळी धुऊन खोक्यात भरणाऱ्या सुमनबाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांच्या कमरेला खोचलेल्या मोबाइलवर नाझनीनच चालू होती, नवी.

"तुम्हाला हे आवडतं?" मी विचारलं.

"लई. कानाशी येऊन सांगितल्यावानी म्हणती ती. मोठ्यानं तर आमच्याशी सगळेच बोलतेत, सर."

मी हसलो, मान हलवली आणि वही खिशात ठेवली. ते वाक्य मी लिहून घेतलं नाही. माझ्या लेखात ते बसत नव्हतं. आज हे लिहिताना त्या दिवसातलं तेवढंच वाक्य मला शब्दन् शब्द आठवतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं लोह्याला गेलो. तासाभराचा प्रवास. रस्ता बराच सुधारलाय, मधेमधे काम चालू असतं तेवढी धूळ खायची तयारी ठेवा. तुरीची कापणी झालेली रानं, उसानं भरलेले ट्रॅक्टर आणि प्रत्येक थांब्यावर चढणारी माणसं. बसस्टँडवर कोणालाही विचारलं तरी मास्तरांच्या बँडचं दुकान दाखवतात. एका गाळ्यात लाल कोट टांगलेले, भिंतीला पितळी वाद्यं. तिथं मास्तरांचा पुतण्या इरफान बसला होता, तिशीतला. हल्ली बँड तोच चालवतो.

मी ओळख करून दिली, ब्लॉगचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा बदलला.

"तुम्हीच ते का? लाज वाटते म्हणून लिहिणारे?"

"हो, पण नंतर मी चांगलंही लिहिलं. मास्तर पुन्हा वाजवायला लागले तेव्हा—"

"कोण वाजवायला लागलं?" तो म्हणाला. मग बराच वेळ कोटाची बटणं लावत राहिला. शेवटी म्हणाला, "चाचा लातूरला हायत, परवीनबाजीकडं. इलाज चालू हाय. त्यांनाच भेटा. मी काई बोलून राहिलो तर तोंडातून वाकडंच निघंल."

त्यानं पत्ता मात्र नीट लिहून दिला. वर चहाही पाजला.

लोह्याहून अहमदपूर, चाकूर करत लातूर. गाडी लगेच मिळाली तर तीनेक तास लागतात. त्या तीन तासांत मी ते माहेरावरचं गाणं चार वेळा ऐकलं. क्लॅरनेट तेच होतं. तेच वाटत होतं. कोणाचं आहे हे मला अजिबात सांगता येत नव्हतं, हे मी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

लातुरात स्टँडजवळ साधी, स्वच्छ लॉज मिळते. तिसऱ्या दिवशी सकाळी शिकवणी वर्गांच्या भागात गेलो. सगळीकडे दप्तरं पाठीला लावलेली मुलंमुली. गाड्यावर निलंगा राईस खाल्ला. परतलेला मसालेभात, वर गरम भजी, पन्नास रुपयांत दुपारपर्यंत बघायला नको. शेजारी दोन मुली खात होत्या, डॉक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या. त्यांना विचारलं. आता लेखासाठी नव्हे, मलाच जाणून घ्यायचं होतं.

देगलूरची होती ती म्हणाली, "जुनी गाणी घरी सगळ्यांची होती, काका. आई, आत्या, सगळे नाचायचे. हे नवीन माझ्या एकटीचं आहे. वर्ग सुटल्यावर खोलीवर जाईपर्यंत तेच ऐकते. टेस्ट बिघडली की जास्तच."

"तिला वडिलांची लाज वाटते म्हणून तिनं बँड सोडला, असं म्हणतात ना?" दुसरीनं विचारलं. "आमच्या मामांनी पाठवलं होतं काहीतरी."

मी घास गिळला आणि म्हणालो, "ते खरं नसावं."

परवीनचं घर शिलाई मशीनच्या आवाजावरून सापडलं. ती मास्तरांची थोरली मुलगी, घरी कपडे शिवते. मी कोण ते सांगितल्यावर तिनं दारातच मला उभं ठेवलं. आतून आवाज आला, "येऊ दे गं. इतक्या लांबून आलेत."

रशीद मास्तर लोखंडी खाटेवर बसले होते. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा. चेहऱ्याची डावी बाजू ओढलेली. बोलताना त्या बाजूनं हवा निसटायची, म्हणून ते सावकाश बोलत आणि मधेच गालाला हात लावत.

"वारं गेलं तोंडावरून," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. हातपाय वाचले, अल्लाची मेहेरबानी. पण ओठ मिटत न्हाईत. क्लॅरनेटला ओठ लागतात सर, बाकी कायबी नसलं तरी चालतंय."

त्यांनीच पुढं सांगितलं. नवा अल्बम त्यानंतरचा. नाझनीननं त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला घ्यायचं नाकारलं होतं. अब्बा नाहीत तर क्लॅरनेटच नको, म्हणाली. क्लॅरनेट नाही म्हणून ढोल नको, ढोल नाही म्हणून ओरडायचं तरी कशाला, असं करत करत तिनं नवीनच गाणं शोधलं. वर्षभर खोलीत बसून.

"मग हे कोणाला सांगितलं का नाही?"

"मीच म्हणलो, सांगू नको. मास्तरचं तोंड वाकडं झालं हे गावात फिरलं असतं तर बँडला लग्नं कुणी दिली असती? दहा घरं हायत त्याच्यावर. आता इरफानचा जम बसला. आता काय लपवायचं?"

परवीननं पाणी आणून ठेवलं. ती उभीच राहिली. म्हणाली, "तुमचा लेख इथं वाचला आम्ही. अब्बांनी मला मोठ्यानं वाचायला लावला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं तिला! तेबी वाचायला लावलं."

"आणि माहेराचं गाणं?" मी विचारलं. उत्तर मला कळलेलं होतं.

मास्तर म्हणाले, "मुंबईचा कुणी पोरगा हाय वाजवणारा. चांगला हाय, सूर पक्का हाय. पण धून माझ्या बापाची. आमच्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाई. म्हणजे तिनं त्याला गुणगुणून दाखवली असंल." त्यांनी गालाला हात लावला. "लोक लई बोलून राहिले होते, म्हणून केलं तिनं. मी निम्मं ऐकलं. पुढं न्हाई ऐकवलं. मग तुमचं लिहिलेलं आलं, मास्तरांची फुंकर शंभरात ओळखू येते. मी हसलो. परवीन रडली."

माझी चूक झाली, असं म्हणालो. ते म्हणाले, "चहा घ्या."

थोड्या वेळानं धीर करून विचारलं, "तुम्हाला तिची नवी गाणी आवडतात?"

"न्हाई," ते लगेच म्हणाले. परवीनसुद्धा चमकली. "मला उमगतच न्हाईत. ठोका कुठं पडतो तेबी कळत न्हाई. पण पोरगी माझ्याबिगर गायला शिकली, एवढं कळतंय. सगळं मला आवडलंच पाहिजे असं थोडंच हाय?"

दुपारी नाझनीनचा फोन आला. ती रोज त्या वेळेला वडिलांना फोन करते. परवीननं सांगितलं, "ते लेखवाले सर आलेत." मग फोन माझ्या हातात आला.

"सलाम सर. तुमचा लेख मी वाचला होता," ती म्हणाली. आवाज गाण्यापेक्षाही खालचा. "मराठी लई चांगलं हाय तुमचं."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"हाव. चुकलं." तिनं रागानं म्हटलं नाही. "एक विचारू? लिहिलं तेव्हा नव्यातली किती ऐकली होती?"

"दोन."

"पूर्ण?"

"नाही."

"नऊ हायत," ती म्हणाली. मग म्हणाली, "अब्बाला जास्त बोलायला लावू नका. गाल दुखतो त्यांचा नंतर."

निघताना मी मास्तरांना विचारलं, हे सगळं लिहू का. त्यांनी नाझनीनला विचारून घेतलं होतं. म्हणाले, "लिहा. ह्या टायमाला इचारून, ऐकून लिहा, म्हणजे झालं."

लातूरहून पुण्याला रेल्वे आहे, बसही भरपूर. मी बसनं आलो. खिडकीशी बसून नऊच्या नऊ गाणी ऐकली, क्रमानं, मधे न थांबता. तिसरं आणि सातवं मला खरंच आवडलं. सातव्यात ती एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते, दर वेळी अजून हळू. सुमनबाई कशाबद्दल बोलत होत्या ते तिथं कळलं. बाकीची मला फारशी भिडली नाहीत. दोन गाण्यांवरून नऊ गाण्यांचा निकाल देताना मला एवढंही ठाऊक नव्हतं.

घरी आल्या दिवशीच जुन्या लेखाच्या वर मी दुरुस्ती लिहिली. मास्तरांचा आजार, नाझनीनचं कारण, आणि ओळखू येणाऱ्या फुंकरीबद्दलचा माझा खोटा दावा, सगळं. मूळ लेख वाचणाऱ्यांच्या मानानं ती फार थोड्या लोकांनी उघडली. ग्रुपवर फिरणाऱ्या लेखाला ती जोडता येत नाही. ज्यांनी तिला शिव्या घातल्या ते आता कुठं सापडणार?

दुरुस्तीखाली पहिली प्रतिक्रिया भोकरच्या एका वाचकाची आली. 'मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. पण काही म्हणा सर, आपल्याला तिची जुनी गाणीच जास्त आवडायची.'

उत्तर द्यायला बसलो. मलाही जुनीच जास्त आवडतात. त्यात कोणाचाही गुन्हा नाही, त्यानं कोणीही दुखावत नाही. तो पहिला लेख लिहिताना मी 'मला जुनी गाणी जास्त आवडतात' एवढं एक वाक्य लिहून थांबायला हवं होतं.