सोफ्यासाठी दहा पेरं

जोगळेकर साहेबांनी मला मांजराआधी सोफ्याचे फोटो दाखवले. समोरून, बाजूने आणि डाव्या हाताचा क्लोजअप. क्लोजअपमध्ये ओरखड्याशेजारी मोजपट्टी धरली होती. मांजर, म्हणजे त्यांची बर्फी, पांढरी पर्शियन, टेबलावरच्या पिंजऱ्यात झोपली होती. तिचा एकही फोटो नव्हता.

“इटालियन लेदर आहे, डॉक्टर,” ते म्हणाले. “हिची पुढची नखं काढून टाका. परमनंट सोल्यूशन हवंय.”

“पुढच्या शुक्रवारच्या आत,” सोबत आलेल्या त्यांच्या मॅडम म्हणाल्या. “माझं हळदीकुंकू आहे.”

मी कतारला, दोह्यात एका पेट क्लिनिकमध्ये डॉक्टर आहे. परभणीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. घरातला पहिला पदवीधर. फीमाफी आणि हॉस्टेलच्या मेसवर पशुवैद्यक झालो, त्याबद्दल आजही मनातल्या मनात हात जोडतो. गावात मला अजून ढोरांचा डॉक्टर म्हणतात. तिथे जनावराचा मालक आधी जनावराचं दुखणं सांगतो. इथे पुष्कळदा फर्निचरचं दुखणं आधी येतं.

मी नेहमीप्रमाणे समजावून सांगितलं. आपलं नख बोटाच्या टोकावर बसलेलं असतं. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. ते कायमचं काढायचं तर ते हाडच काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर. पुढच्या दोन पायांची मिळून दहा पेरं.

“पण भूल देऊन करतात ना?” साहेबांनी विचारलं.

“देऊन करतात. पण सर, भूल नंतर उतरते.”

“मांजरं ॲडजस्ट होतात. मी व्हिडिओ पाहिलाय.”

मी म्हणालो, आम्ही हे ऑपरेशन करत नाही. ते अजिबात रागावले नाहीत. मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, “हरकत नाही. दुसरीकडे चौकशी केलीय. रविवारची तारीख मिळतेय.”

ते गेल्यावर आमची मॅनेजर रानिया आत आली. ती जॉर्डनची. तिचं इंग्लिश माझ्यापेक्षा बरं आणि बोलणं माझ्यापेक्षा कमी.

“तू नाही म्हणालास, छान,” ती म्हणाली. “पण मांजर रविवारी टेबलावर जाणारच ना?”

तिचं बरोबर होतं. नाही म्हटल्याने माझे हात स्वच्छ राहणार होते. बर्फीची बोटं शाबूत राहणार नव्हती.

“मग काय करू?”

“ते तू ठरव. आज गुरुवार आहे. यल्ला, कामाला लाग.”

मी साहेबांना फोन केला. ऑपरेशन कुठेही करा, पण आधी एकदा घर बघू द्या, म्हणालो. व्हिजिटचे पैसे घेणार नाही, असंही सांगितलं. ते लगेच हो म्हणाले.

बिन महमूद भागात त्यांचा फ्लॅट होता. दारात पाऊल टाकल्याबरोबर साहेबांचा व्यवसाय कळला. किचनच्या दारापाशी आग विझवायचं सिलिंडर. पॅसेजमध्ये फर्स्ट एडची पेटी. बाथरूमच्या दारावर ‘फरशी ओली असू शकते’ अशी पाटी. साहेब एका गॅस प्लांटवर सेफ्टी मॅनेजर होते. कुणाला इजा होऊ नये हे पाहण्यासाठी कंपनी त्यांना पगार देत होती.

हॉलच्या मधोमध सोफा होता, प्लॅस्टिक पांघरलेला. डाव्या हातावरचं प्लॅस्टिक फाटून खालून ओरखडे दिसत होते. बर्फी त्याच्याच समोर बसून पंजा चाटत होती.

“हिला नखं घासायला खांब नाही?” मी विचारलं.

“आहे की,” मॅडम म्हणाल्या. “स्टोअररूममध्ये.”

तो रिकाम्या बॅगांच्या मागे होता. गुडघ्याएवढा, गुलाबी, आणि हात लावताच डुगडुगणारा.

“इथे का ठेवलाय?”

“हॉलमध्ये मॅच होत नव्हता.”

“मग बर्फीने काय करायचं?”

“तिला दार उघडून देतो कधी कधी,” साहेब म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसलो. मांजराची भाषा बोलून झाली होती. आता त्यांची बोलायची ठरवली.

“सर, तुमच्या प्लांटवर एखाद्या मशिनमध्ये कामगारांची बोटं सापडायला लागली, तर तुम्ही काय करता?”

साहेब ताठ बसले. “आधी रूट कॉज. मग एक नंबर, धोका काढून टाकायचा. ते जमलं नाही तर पर्याय द्यायचा. मग मशिनला गार्ड. हातमोजे सगळ्यात शेवटी.”

“आणि कामगारांची बोटंच कापून टाकणं कितव्या नंबरला येतं?”

मॅडमना हसू आवरेना.

“अहो, सांगा ना. दर रविवारी कामाचा आठवडा सुरू झाला की माणसांना उन्हात उभं करून हेच तर ऐकवता.”

“ती वेगळी गोष्ट आहे,” साहेब म्हणाले.

“कशी वेगळी?” मी विचारलं. “तिथे बोटाचं पेर गेलं तर तुमचा रिपोर्ट वरपर्यंत जातो. इथे तुम्ही दहा पेरांची तारीख घेतलीय.”

“मांजर काय रिपोर्ट करणार आहे,” ते पुटपुटले. पण आवाजात जोर नव्हता.

मॅडम मात्र अजून हलल्या नव्हत्या. त्यांचं हळदीकुंकू जागेवर होतं. म्हणून मी दुसरी गोष्ट सांगितली. अशा ऑपरेशननंतर काही मांजरांचे पंजे दुखत राहतात. ट्रेमधली वाळू टोचते. मग ती ट्रे सोडतात आणि लघवीसाठी घरातली मऊ जागा शोधतात.

“मॅडम, तुमच्या घरात सगळ्यात मऊ जागा कुठली?”

त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. “शी,” त्या म्हणाल्या.

त्यानंतर काम सोपं झालं, असं मला वाटलं. नखं मी तिथेच कापली. सोफ्याच्या हाताला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायला सांगितली. मांजराला पंजा चिकटलेला आवडत नाही. आणि खांब सोफ्याला लागूनच हवा, उंच हवा, न हलणारा हवा, खरखरीत हवा. आमच्या घरी मांजर भिंतीला टेकवलेल्या ज्वारीच्या पोत्यावर नखं घासायचं, ते मला आठवलं.

“लाकडी खांबाला गोणपाट गुंडाळा, वर सुतळी,” मी म्हणालो. “नजमा भागातल्या हार्डवेअरच्या दुकानांत सगळं मिळेल.”

मॅडमचा चेहरा उतरला. दहा पेरं ऐकूनही इतका उतरला नव्हता.

“हॉलमध्ये गोणपाट? बायका काय म्हणतील?”

“बोटं कापलेलं मांजर बघून काय म्हणतील?”

“ते कुठे दिसणार? हळदीकुंकवाला ती बेडरूममध्ये असते.”

यावर उत्तर साहेबांनी दिलं. “पर्याय देणं दोन नंबरला आहे,” ते गंभीरपणे म्हणाले आणि चप्पल घालून नजमाला गेले. रविवारची तारीख मात्र त्यांनी रद्द केली नाही. “ट्रायल बेसिसवर,” असं म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. खांबाचा फोटो, शेजारी मोजपट्टी, गोणपाटावर ताजे ओरखडे. खाली एकच ओळ: ‘संडे कॅन्सल.’ मी तो रानियाला दाखवला. ती म्हणाली, “खलास,” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हळदीकुंकवाची हकिकत मला साहेबांनीच सांगितली. मॅडमनी त्या दिवसापुरतं प्लॅस्टिक काढलं, पण टेप विसरल्या. एका पाहुणीच्या पैठणीचा पदर सोफ्याच्या हाताला असा चिकटला, की वाण घ्यायला उठताना सोफ्याने तिला परत खाली बसवलं. बर्फी तेव्हा बेडरूममध्ये होती, त्यामुळे यात तिचं नाव घेता आलं नाही. साहेबांनी त्याच रात्री टेप काढली आणि मला लिहून कळवलं. मधे पाहुण्यांपैकी कुणीतरी खांबाबद्दल विचारलं. मॅडम म्हणाल्या, “जूट आर्ट आहे, हॅण्डमेड.” आलेल्यांपैकी दोघींना तो कुठे मिळाला हे जाणून घ्यायचं होतं.

खांब हलला नाही. टेप नसतानाही बर्फी सोफ्याकडे फिरकली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी साहेब लसीसाठी तिला घेऊन आले. मी सोफ्याची चौकशी केली.

“तो दिला,” ते म्हणाले.

“बर्फीने फाडला?”

“नाही, नाही. नवीन पडद्यांना मॅच होत नव्हता. ग्रुपवर ‘फ्री’ म्हणून टाकला. नजमातली चार मुलं येऊन घेऊन गेली.”

मी बर्फीचा पुढचा पाय हातात घेऊन दाबला. पाचही नखं बाहेर आली. दुसरा पाय दाबला. तीही आली. तिने त्यातलं एक माझ्या मनगटावर ओढलं आणि थोडं रक्त आलं.

साहेबांनी तत्परतेने खिशातून बॅण्डएड काढून दिलं.

तेव्हापासून नखं काढा म्हणणाऱ्याला मी आधी मांजराबद्दल काही विचारत नाही. सोफा किती वर्षं ठेवणार आहात, एवढंच विचारतो.