आंब्याला पाणी कुणी घालायचं

उन्हाळ्यातल्या पहाटे राजेश्वरी भापकर आडवाडीच्या गायरानाची चढण चढू लागतात, तेव्हा खालच्या वस्तीवरची कुत्रीही आता भुंकत नाहीत. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, डाव्या गुडघ्याला पट्टा आणि मध्येच थांबून घेतलेला लांब श्वास, हे दृश्य त्यांच्याही सवयीचे झाले आहे. निम्मे आयुष्य एसटीत उभे राहून गेले आणि उरलेले माळावर वाकून चालले आहे, असे बाई म्हणतात. म्हणताना हसत मात्र नाहीत.

पारनेर डेपोत त्या कंडक्टर होत्या. भरल्या गाडीच्या दारात उभे राहून "मागच्या गाडीनं या" असे आमदाराच्या माणसालाही सांगणारी बाई, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर गावी आल्या आणि वर्षाच्या आतच यजमान गेले. गावची नदी अशी की पावसाळा सरला की तिच्यात पाणी नसते आणि आता वाळूही नसते. तिथे रक्षा कशात सोडायची? बाईंनी ती गायरानावर नेली, खड्डा घेतला, रक्षा मातीत मिसळली आणि वर हापूसचे कलम लावले. माणसाला आंबा आवडायचा, एवढाच विचार त्यामागे होता.

पहिल्याची पावले पडतात तिथे वाट होते. पुढे गावात कुणीही गेले की तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर माणसे रक्षा घेऊन माळावर येऊ लागली. त्या जागेला स्मृतिवन असे नाव पडले, फलक लागला, रविवारी श्रमदान सुरू झाले. कुणी आजोबांसाठी चिकू लावला, कुणी चुलत्यासाठी नारळ. मुरमाड माळ हा बोर, हिवर, बाभूळ, पळस यांचा मुलूख. त्यांना पहिली दोन वर्षे सांभाळले की पुढे ती कुणाकडे काही मागत नाहीत. पण डोळे ओले असलेल्या माणसाला "हे झाड इथं जगायचं नाही" असे सांगायला जीभ रेटत नाही. बाईंचीही रेटली नाही. अशा रीतीने माळावर पाहुणे वसले आणि पाहुण्यांची तहान बाईंच्या खांद्यावर आली. लावायला गर्दी आणि जगवायला वानवा, हा श्रमदानाचा जुनाच रोग आहे. श्रमदानाच्या टोप्या हळूहळू घरोघरच्या खुंट्यांवर गेल्या. शेवटी बाई उरल्या, आणि आपल्या टेम्पोत ड्रम घालून पायथ्यापर्यंत पाणी आणणारे अजीजभाई.

"ताई, एवढं पाणी दिवसाआड मला पाजलं असतं, तर मलाबी आंबे लागले असते," अजीजभाई ड्रमची तोटी सोडताना म्हणत. पुण्याची ज्ञानेश्वरी, बाईंची लेक, फोनवर यापेक्षा स्पष्ट बोलायची. "आई, ती माणसं गेलीत. तू त्यांच्या मागं जाऊ नकोस."

मागच्या दिवाळीनंतर बाईंनी ग्रामसभेत विषय काढला. यापुढे माळावर माळाचीच झाडे लागतील, असा ठराव झाला. त्या दिवशी कुणाच्याच घरी सुतक नव्हते, म्हणून हात पटापट वर गेले.

पौषात साळूबाई गेली. तिचा मुलगा राधाकृष्ण दूध संकलन केंद्र चालवतो. भावकीसह तो माळावर आला तेव्हा एका हातात रक्षेचे गाडगे होते आणि दुसऱ्या हातात केशर आंब्याचे कलम. बाईंनी बोराचे रोप तयार ठेवले होते. ते पाहून तो जागीच थांबला.

"हे काय?"

"बोर. ठराव झालाय, राधाकृष्ण."

"काट्याचं झाड? ताई, काट्याच्या झाडाखाली लोक लिंबू-बाहुल्या टाकत्यात. तिथं माझ्या आईला ठिऊ?"

भावकीतला एक म्हातारा पुटपुटला, "भुताची जागा ती."

बाई काही बोलणार, तेवढ्यात राधाकृष्णच्या ओठांवर ते वाक्य आलेच, ज्याची त्यांना ठराव झाल्यापासून धास्ती होती. "तुमच्या मालकाला हापूस, आन् आमच्या आईला बोर. व्हय ना?"

कुणी खाकरले, कुणी माळाकडे पाहू लागले. अजीजभाईंनी हातातल्या कॅनचे झाकण उगाच उघडून लावले.

"त्या हापूसपायीच सांगते," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाही थकलेला वाटला. "मी चुकले, म्हणून समदं गाव चुकलं. तू आंबा लाव. मी अडवणार नाही. पण त्याला पाणी तू घालायचं. मी एक तांब्याही घालणार नाही."

"घालीन की. आईच हाय माझी," राधाकृष्ण म्हणाला, आणि त्याला रडू कोसळले.

ते रडू खोटे नव्हते. त्याचा शब्दही त्या दिवसापुरता खरा होता. तो दोनदा आला. एकदा मोटरसायकलवर कॅन बांधून आला, एकदा पुतण्यांना घेऊन. नंतर दुधाचा भाव पडला, गाय आटली, कुणाचे लग्न निघाले. माणसाला कामे असतात. होळीनंतर कलमाची पाने कडेने तपकिरी झाली, मग गुंडाळली, मग देठातून लोंबू लागली.

बाई दिवसाआड त्याच्या शेजारून जात. वाट तिथूनच होती. हातातल्या कॅनमध्ये पाणी हिंदकळे, आणि ते पुढच्या चिकूसाठी असे. पूर्वी लावलेल्या पाहुण्यांना त्या टाकणार नव्हत्या. तो शब्द त्यांनी स्वतः दिला होता. हा शब्द मात्र दुसऱ्याचा होता. तरी त्या कलमाशी आल्या की पाय अडखळे. नकार एकदा देऊन भागत नाही, तो दिवसाआड द्यावा लागतो, हे त्यांना चढणीपेक्षा जड जात होते.

एका सकाळी त्यांनी तिथूनच फोन लावला. "आंबा वाळतोय, राधाकृष्ण."

"ताई, जरा घाला ना एवढं. तुमी तर जाताच."

बाईंनी फोन बंद केला. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी किती तोंडांतून ऐकले होते. त्या जातात, म्हणून बाकीच्यांना जावे लागत नाही.

चैत्र संपता संपता कलम पार काटकी झाले. गावात बोलणे उठले. पारावर कुणी म्हणाले, साळूला तहानेने मारली. कुणी म्हणाले, कंडक्टरबाईंनी मारली. कुणी म्हणाले, लेकाने. सगळी बोलणी बाईंच्या कानावर आली. त्या रात्री त्यांनी ज्ञानेश्वरीला सांगितले, की जूनमध्ये येईन थोडे दिवस. थोडे म्हणजे किती, हे लेकीने विचारले नाही आणि आईने सांगितले नाही.

वैशाखात वळवाची एक सर येऊन गेली. पुढच्या फेरीला बाई वर पोचल्या, तर काटकीजवळ राधाकृष्णची बायको चांगुणा उभी होती. पदर खोचलेला, शेजारी कळशी.

"लोकं लई बोलत्यात," तिने नमस्काराऐवजी सांगितले. "ह्यांना येळ न्हाई. म्हनून मी आले. पर हे तर मेलंय."

बाई वाकल्या. कलम मेले होते. पण जोडाच्या खाली, बुंध्याशी, तांबूस पानांचे दोन कोंभ फुटले होते. "वरचा केशर गेला. खालचं खुंट गावरान कोयीचं असतं, ते जगलंय. मात्र याला केशर लागायचा नाही. लागलंच काही तर आंबट."

चांगुणाने कोंभांकडे पाहिले. "आत्याबाईबी आंबटच हुत्या," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला. बाईंनाही हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले.

मग चांगुणाने आळे नीट केले आणि कळशी ओतली. पाणी मुरमात दिसेनासे झाले. "उन्हाळाभर असंच लागंल?"

"या वर्षी. पुढच्याही वर्षी. कदाचित त्याच्याही पुढच्या."

"कळशी हितंच ठिऊन जाते मग. तुमी येताच की. तेवढी भरून..."

"नाही."

शब्द बाहेर पडला आणि बाई थांबल्या. त्यात राग नव्हता, समजावणी नव्हती. चांगुणा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. राजेश्वरीबाईंनी नजर वळवली नाही.

"खाली अजीजभाईंचा टेम्पो असतो दिवसाआड. ड्रममधलं पाणी सगळ्यांचं आहे. भरायचं आणि चढवायचं तुझं."

चांगुणाने चढणीकडे पाहिले, उन्हाकडे पाहिले. "परवा दूध घालून यायला उशीर हुईल."

"उशिरा ये."

तिने रिकामी कळशी उचलून कमरेवर घेतली आणि उतरू लागली. ती येईल की नाही, हे बाईंना ठाऊक नव्हते. कोंभांकडे पुन्हा न पाहता त्या पुढच्या चिकूकडे वळल्या. गुडघा दुखतच होता, पण हातात नेहमीचे दोनच कॅन होते, वर कळशी नव्हती.