सावंत मॅडम आणि न आलेला एफ

पडद्यावर 'सेव्ह झालं' अशी अक्षरं उमटली, की सावंत मॅडम शांतपणे विचारायच्या, "कोण म्हणतंय?" परळच्या त्या ऑफिसात मी नवी होते, तेव्हा मला ही थट्टा वाटायची. पण त्या खरंच विचारत असत. प्रोग्रॅम म्हणतोय, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतेय, की डिस्क, हे त्यांना कळायला हवं असे.

मॅडम लालबागच्या. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणकडचं. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती, पण कंपनी त्यांना आणखी दोन वर्षं ठेवून घेणार असं सगळेच धरून चालले होते. डबा उघडला की पहिली वडी समोरच्याच्या हातावर; आणि कोणाची चूक सापडली की आवाज आणखी खाली. "लिहिलं म्हणजे पोचलं नाय गो," हे त्यांचं नेहमीचं.

माझगावच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबचं नोंदींचं सॉफ्टवेअर आमचं होतं. एका दुपारी तिथली वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला, आणि संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा अकरा पेशंटांचे रिपोर्ट गायब. कदम नावाचे तिथले जुने टेक्निशियन सांगत राहिले, की नोंदी केल्या होत्या, सेव्ह झाल्याचंही आलं होतं. कोणी ऐकलं नाही. पेशंटांना पुन्हा रक्त द्यायला बोलावलं आणि कदमांना घरी बसवलं. आमच्या साहेबांना ते सोयीचंच वाटलं.

मॅडम मात्र मला घेऊन लॅबमध्ये गेल्या. त्यांनी सर्व्हरवर ट्रेस लावला. मग डिस्ककडे जाणारी प्रत्येक मागणी सिस्टिम एकेका ओळीत दाखवू लागते आणि त्या ओळीवर खुणेची अक्षरं असतात. डब्ल्यू म्हणजे लिही. एफ म्हणजे फ्लश: तात्पुरत्या मेमरीत घेऊन ठेवलेलं आता कायमच्या जागी उतरव. ते उतरण्याआधी वीज गेली, तर गेलंच. मॅडमनी एक खोटी नोंद सेव्ह केली आणि मला ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या.

मी वाचत गेले. डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू. एफ येईना. त्यांनी पुन्हा नोंद केली, मी पुन्हा वाचलं. तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. सॉफ्टवेअर फार हळू चालतं अशी तक्रार आली होती, तेव्हा फ्लश बंद मीच केला होता. वेग वाढला म्हणून शाबासकीही घेतली होती.

"मी केलंय ते," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. कदमांना तू सांगशील, की मी सांगू?"

मी गेले. कदमांनी दारातच सगळं ऐकून घेतलं आणि आत वळून बायकोला म्हणाले, "ऐकलंस? मी सेव्ह केलं होतं." ते माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात कदम कामावर परतले. माझी नोकरी जाणार हे मी धरलंच होतं, पण मला फक्त लेखी समज मिळाली. कारण पुढे कळलं. मॅडमनी अहवालात लिहिलं होतं, की हा बदल त्यांनीच मंजूर केला होता आणि तेव्हाच ट्रेस लावायला हवा होता, तो लावला नाही. वाढीव दोन वर्षांचा विषय मग कोणी काढला नाही.

मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना म्हटलं, तुमचं नाव घातलं नसतं तरी चाललं असतं.

"सही माझी होती ना गो?" त्या म्हणाल्या आणि टेबलाचा खण रिकामा करू लागल्या.