लाल कड्यांत वाट विचारणारे माझे सासरे

माझ्या सासऱ्यांइतकी वाट विचारणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. माहीत नसलेली वाट सगळेच विचारतात. माझे सासरे माहीत असलेलीही विचारत. शिवाय एकाने सांगून त्यांचं समाधान होत नसे. दोघांचं जुळलं तरच त्यांचं पाऊल पुढे पडे. भोरला स्वतःच्या घरी जाताना ते कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारून खात्री करून घेत असावेत, असा मला दाट संशय आहे. सासूबाई गेल्यावर माझ्या बायकोने त्यांना अमेरिकेत, सनीव्हेलला आमच्या घरी आणलं, तेव्हा हा छंदही लोणच्याच्या बरण्यांसोबत कस्टम्समधून सहीसलामत सुटला. घरापासून बाग हाकेच्या अंतरावर. तरी रोज सकाळी कानटोपी चढवून ते बाहेर पडत आणि नातवाला फिरवणाऱ्या एका चिनी आजींना बागेची वाट विचारत, तीही चक्क मराठीत. आजी हातवारे करून चिनी भाषेत सविस्तर उत्तर देत आणि दोघंही प्रसन्न होत. अडचण एवढीच, की आजी सोडल्या तर त्या अख्ख्या वस्तीत पायी चालणारं माणूस नव्हतं. ताडून बघायला दुसरं कोणी भेटलं नाही की सासरे बागेच्या फाटकापासून परत येत.

बायकोला मात्र त्यांनी कायमचं इथेच राहायला हवं होतं. भोरच्या घरात बाबा एकटे, या विचाराने तिला झोप लागत नसे. ती नुकतीच सिटिझन झाली होती. त्यांनी हो म्हणायचा अवकाश, पुढची सगळी धावपळ ती करणार होती. ते हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. नुसतं "बघू" म्हणत. अमेरिकेचं काहीतरी भव्य दाखवलं की विरघळतील, या आशेने मार्चच्या सुरुवातीला आम्ही त्यांना घेऊन यूटाच्या लाल कड्यांकडे निघालो. मी इंटरनेटवरून नकाशे छापून घेतले होते. सासरे ते बुडाखाली घेऊन बसले आणि दिसेल त्या पेट्रोलपंपावर गाडी थांबवायला लावू लागले. "रेड स्टोन्स, विच साइड?" शेवटच्या पंपावरचा दाढीवाला चारी दिशांना हात फिरवून म्हणाला, "सगळीकडेच, सर." सासरे गाडीत येऊन बसले. "जावईबापू, याला काही माहीत नाही. पुढच्याला विचारू."

दरीत उतरलो तेव्हा सावलीत अजून बर्फ होतं आणि उन्हात स्वेटर नकोसा होत होता. ते लाल कडे बघून आम्ही नवराबायको कॅमेरा काढू लागलो. सासरे म्हणाले, "महाबळेश्वरचीच माती. इथं जरा जास्त वाळलीय." त्यांची खरी चिंता वेगळी होती. उघड्या खडकावर पायवाट नाही आणि विचारायला माणूसही नाही. तेवढ्यात दगडांचा एक छोटा ढीग दिसला. असे ढीग बघत बघत पुढे जायचं, हे मी समजावून सांगितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला. आपल्याकडे घाटातल्या खिंडीत असा ढीग असतो. जाणारा त्यावर एक दगड ठेवतो, हात जोडतो आणि पुढे जातो. सासऱ्यांनी प्रत्येक ढिगाला दगड वाहिला, नमस्कार केला. इथवर सगळं ठीक होतं. जेवायला मात्र आम्ही वाट सोडून एका कड्यावर बसलो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन तृप्त झालेल्या सासऱ्यांनी आमचं लक्ष नसताना तिथे स्वतःचा एक गुडघाभर ढीग रचला.

थोड्या वेळाने एक वयस्कर अमेरिकन जोडपं काठ्या टेकत नेमकं त्या ढिगापाशी आलं. पुढे दरी. त्या गृहस्थांनी सासऱ्यांनाच विचारलं, "वाट पुढे कुठून जाते?"

सासऱ्यांनी कानटोपी सारखी केली, घसा खाकरला आणि डाव्या हाताला असा काही ठाम हात दाखवला, की ते दोघं थँक यू म्हणून लगेच तिकडे वळले.

"अहो बाबा, तिकडे काहीच नाहीये!" बायको ओरडली. मी धावत जाऊन त्या जोडप्याला परत आणलं, सॉरी म्हटलं, एकेक धपाटा हातावर ठेवला आणि बरोबर वाटेला लावून दिलं. मग तो ढीग मोडायला बसलो.

सासरे दगडांकडे बघत लेकीला म्हणाले, "बाळ, इथं आल्यापासून आज पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं." मग म्हणाले, "भोरला रोज कुणी ना कुणी विचारतं. एसटी कधी आहे, डॉक्टर कुठं बसतात. मी जातो गं परत."

बायको रडली. मलाही वाईट वाटलं. एप्रिलमध्ये ते भोरला परतले. पुढची दोन वर्षं भोरच्या स्टँडसमोरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटा सांगत होते. त्यातल्या किती बरोबर होत्या, देव जाणे. एका सकाळी त्याच बाकावरून त्यांना घरी आणावं लागलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

यंदा मार्चमध्ये आम्ही दोघं पुन्हा तिकडे निघालो. आता गाडीत बोलणारा जीपीएस आहे. तरी त्या शेवटच्या पंपावर बायकोने मला थांबायला लावलं, उतरून आत गेली आणि विचारून आली. "पुढून डावीकडे म्हणतोय." जीपीएसही तेच म्हणत होता. दोघांचं जुळलं होतं. पण ती आत बसेना. दार धरून, विचारायला आणखी कोणी येतंय का ते बघत उभी राहिली. मी इंजिन बंद केलं आणि उतरून तिच्या शेजारी उभा राहिलो.